दहा मिनिटांचा आळस

"पापं मोजायला एक हात पुरत नाही," असं म्हणत सिस्टर पाच बोटं पसरायच्या आणि दुसऱ्या हाताची दोन त्यांना जोडायच्या. गर्व, लोभ, वासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध, आळस. त्या मूळच्या वसईच्या, पक्क्या कॅथलिक. परळच्या आमच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून त्यांची तीस वर्षं गेली, त्यातली बारा माझ्यासमोर. मी ऑफिसातला कारकून, आवक-जावक सांभाळणारा.

कॅन्टीनमध्ये ही बोटं कोणावरही रोखली जायची. नव्या गाडीचे फोटो दाखवणारा डॉक्टर गर्वात जमा, ते बघून चहा अर्धा टाकणारा दुसरा मत्सरात. "आणि हे माझं," म्हणून त्या तिसरा बटाटवडा उचलायच्या. "रविवारी कन्फेशनमध्ये फादरना सांगते. त्यांना आता पाठ झालंय."

मी एकदा चिडवलं, "सिस्टर, ही यादी जुनी झाली. आता लोभाला ॲम्बिशन म्हणतात."

"रोगाचं नाव बदललं की पेशंट बरा होतो का रे?"

दुपारी डुलकी काढणाऱ्या वॉर्डबॉयला मात्र त्या कधी बोलल्या नाहीत. "तो दमलाय. समोर दिसत असून आपल्याला काय त्याचं म्हणून उभं राहायचं, तो आळस. सातांत सगळ्यात वाईट. इस्त्रीच्या कपड्यांत येतो."

एका सकाळी मोठ्या डॉक्टरांचा राउंड होता, सोबत हॉस्पिटलचे एक विश्वस्त. मीही कागद घेऊन मागे होतो. राउंड चालू असताना कोणी जागचं हलायचं नाही, ही आमच्याकडची शिस्त. तुमच्याही ऑफिसात असली एखादी असेलच. खिडकीजवळच्या खाटेवर लालबागचे एक आजोबा होते, गिरणीत आयुष्य काढलेले. ते हळू आवाजात भांडं मागत होते. आम्ही दहा-बारा जण नुसते उभे. शेवटी सिस्टर रांगेतून निघाल्या, भांडं आणलं, पडदा ओढला.

"सिस्टर, राउंड चाललाय," डॉक्टर कडाडले.

पडद्याआडून उत्तर आलं, "तुमचा राउंड थांबेल सर, यांची लघवी थांबणार नाही. लाज वाटू द्या जरा."

दुपारीच मेमो निघाला. उद्धट वर्तनाबद्दल लेखी दिलगिरी द्यावी. त्या वर्षी सिस्टर मेट्रन होणार हे ठरल्यात जमा होतं. दिलगिरी नाही तर मेट्रनपद नाही, असं आमच्या ऑफिसच्या साहेबांनी मला बजावलं. मी दोन ओळी टाइप करून त्यांच्याकडे नेल्या.

"सही करून टाका, सिस्टर. तुमच्या धर्मातही क्रोध पापच ना?"

"आहे ना. ते मी फादरना सांगेन. साहेब कधीपासून फादर झाले?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या अक्षरातला खुलासा आणून दिला. मी उभ्याउभ्याच वाचला. 'आजोबांनी पहिल्यांदा भांडं मागितलं तेव्हाच मला ऐकू आलं होतं. तरी मी दहा मिनिटं रांगेत उभी राहिले, कारण मला मेट्रन व्हायचं होतं. त्या दहा मिनिटांबद्दल मी दिलगीर आहे. आजोबांची माफी मागितली आहे. राउंड सोडल्याबद्दल दिलगिरी नाही.'

साहेबांना आधी दाखवला असता तर त्यांनी तो घेऊच दिला नसता. पण एकदा आवक क्रमांक पडला की कागद फाइलीत जावाच लागतो. मी शिक्का मारला, क्रमांक घातला आणि मगच तो त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी मजकूर वाचला, मग शिक्का पाहिला आणि कागद फाइलीत लावायला परत दिला. तेव्हा मला जो आनंद झाला तो गर्वात जमा होत असेल, तर होऊ दे.

मेट्रन दुसऱ्याच कोणी झाल्या. सिस्टरांची शेवटची दोन वर्षं चादरींच्या खोलीत गेली. निरोप समारंभही झाला नाही, आणि त्याची चीड मला अजून आहे. गेल्या वर्षी वसईला त्या वारल्या.

खुलासा आमच्या कपाटात आहे. नवीन नर्स रुजू व्हायला आली की तिचे कागद तयार होईपर्यंत मी ती फाइल उघडून तिच्यासमोर ठेवतो. नियमात बसत नाही. तरी ठेवतो.