काशिराम बहिणीकडे गेला

जासईचा काशिराम ट्रेलर चालवायचा. कंटेनर यार्डात एका संध्याकाळी तो गाडी मागे घेत होता. मागे त्याचा सख्खा भाचा कल्पेश उभा होता, त्याच यार्डात कामाला. आरशात तो दिसला नाही, चाकाखाली सापडून जागीच गेला. चौकशीत काशिरामवर ठपका आला नाही, पण तेव्हापासून ट्रेलर मागे येतानाचा 'टीं टीं' आवाज कानावर पडला की त्याला दरदरून घाम फुटायचा, तो गाडी सोडून लांब जायचा. नोकरी सुटली. बायको रंभा पनवेलच्या बाजारात मासळी विकून घर चालवू लागली.

कल्पेशची आई दमयंती ही काशिरामची धाकटी बहीण. तिचं घर यार्डाच्या भिंतीला लागून, दिवसभर तोच आवाज. काशिराम अर्ध्या वाटेवरून परत फिरायचा. दमयंतीला वाटलं, दादा तोंड चुकवतोय. तिने भाऊबीजेचं बोलावणं बंद केलं.

गोळ्यांनी नुसती झोप यायची. शेवटी पनवेलच्या डॉक्टरांनी त्याला मुंबईच्या एका इस्पितळात, नव्या उपचाराच्या संशोधनात पाठवलं. तिथल्या डॉक्टर हेतल म्हणाल्या, "मेंदूचं चित्र घेणाऱ्या मशीनमध्ये झोपायचं. समोर गोल दिसेल. आम्हाला हवी तशी हालचाल मेंदूत झाली की तो मोठा होईल, तशी भीती उतरत जाईल."

"पन मनात आनू काय?"

"काहीही. तो आवाज मात्र आम्ही ऐकवणार नाही."

काशिराम कधी खाडीतलं जाळं आठवायचा, कधी कल्पेशचं हसणं. गोल वाढायचा, कशाने, ते त्याला कळलं नाही. हळूहळू भीती ओसरली. मध्ये एकदा परतली, पुन्हा मशीनमध्ये झोपल्यावर गेली.

मग तो बहिणीकडे गेला. तिने दार उघडलं, बस म्हणाली नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडे ट्रेलर मागे येऊ लागला. काशिराम शांत उभा होता. दमयंती कान दाबून मटकन खाली बसली.

आवाज थांबल्यावर तिने विचारलं, "तुला काय नाय झालं, दादा?"

"इलाज केला. म्हनून येता आलं."

"मला रोज होतं."

इतक्या दिवसांत हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. "आमच्याकडं ऱ्हायला चल," तो म्हणाला.

"कल्पेशचं सगलं हितंच हाय."

"मंग माजा इलाज झाला त्या मशीनला तरी चल."

ती हो म्हणाली. अंगणात जाऊन त्याने हेतलना फोन लावला. संशोधन संपलं होतं. नवीन कुणाला घेत नव्हते.

तो आत आला, पण सांगायचं धाडस झालं नाही. पुन्हा आवाज सुरू झाला. दमयंतीने कान दाबून घेतले. काशिरामने तिच्याजवळ बसून तिच्या हातांवर आपले हात दाबून धरले. दमयंतीने ते झिडकारले नाहीत. त्याच्याकडे पाहिलंही नाही.