याडीचा खांदा

दिग्रसच्या बसस्टँडमागे माझा दवाखाना आहे. दवाखाना म्हणायचं, पण आत इंजेक्शन नाही, सलाईन नाही, औषधाची एक बाटलीसुद्धा नाही. दोन खाटा, शेकाचं यंत्र, भिंतीला लावलेले, धरून चालायचे दांडे आणि मी. मी फिजिओथेरपिस्ट. लोकांच्या भाषेत व्यायामवाली मॅडम. दिवसातून कोणीतरी विचारतंच, "मॅडम, एखादी सुई मारून द्या ना." मी सांगते, सुई देणं, गोळी लिहिणं माझ्या कामात येत नाही. ते तोंड वाकडं करून निघून जातात. आता मी समजावतही नाही. नुसती मान हलवते.

माझ्या हाताखाली एक सहायक आहे. तिशीतली, गावाजवळच्या बंजारा तांड्यावरची. यवतमाळला राहून तिनं सहायकाचा कोर्स केला आणि थेट माझ्याकडे आली. तिचा हात मऊ आहे, बोलणं त्याहून मऊ. जे पेशंट माझ्यापाशी कण्हतात ते तिच्यापाशी हसतात. घरी जाऊन व्यायाम करून घ्यायचे पेशंट मी तिलाच देते. नियम पहिल्या दिवशीच सांगितला होता. तपासायचं मी, काय करायचं ते ठरवायचं मी, बदल करायचा असेल तर तोही मीच. तिनं ते करून घ्यायचं, आणि काही वेगळं दिसलं तर थांबून मला सांगायचं. काही बिघडलं तर कायदा आधी मलाच विचारणार.

तिच्याच तांड्यावरच्या एका म्हातारीला लकवा झाला, उजव्या बाजूला. नात्यानं ती माझ्या सहायकाची चुलत आजी, पण सगळा तांडा तिला याडीच म्हणायचा. याडी म्हणजे आई. मोठ्या दवाखान्यातून घरी आणल्यावर मी जाऊन तपासलं. हात पूर्ण लुळा होता. पायात थोडी जान होती. मी पायाचे व्यायाम ठरवून दिले, हाताला फक्त आधार आणि हलकी हालचाल, खांद्याच्या वर न्यायचा नाही, असं सांगून आले. पुढं रोज ही जायची.

कापूस वेचायचे दिवस होते. एका संध्याकाळी ती परत आली ती खुर्चीवर न बसता दारातच उभी राहिली.

"मॅडम, याडीचा खांदा लय दुखून राह्यला. हात लावू देत नाही."

"कधीपासून?"

ती स्कूटीकडे वळली. मी पर्स उचलली आणि तिच्याच स्कूटीवर मागे बसले.

याडीच्या अंगणात शेडच्या वाशाला विहिरीवरची कप्पी टांगलेली होती. तिच्यातून दोर, दोराच्या दोन्ही टोकांना कापडाच्या मुठी. एका मुठीत याडीचा लुळा हात ओढणीनं बांधायचा आणि दुसऱ्या हातानं ओढून तो वर न्यायचा, अशी ती सोय. याडीचा मुलगा कौतुकानं दाखवू लागला.

"पाहा मॅडम, आमच्या पोरीनं डोकं लावलं. पहिले हात हालतच नोहता. आता डोक्यापोत जाते."

लकव्याचा सैल खांदा असा ओढला की सांधा आतून घासतो, सुजतो. हे मी शिकले होते, तिला शिकवलंही होतं. मी याडीजवळ बसले. खांद्याच्या हाडाखाली बोट बसेल एवढी खाच लागली, म्हणजे सांधा खाली सरकला होता. नुसता हात उचलला तरी म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं. ती त्यांच्या गोरबोलीत काहीतरी पुटपुटली. मी हिच्याकडे पाहिलं, तर हिनं मान खाली घातलेली.

"ते काढून टाका," मी कप्पीकडे बोट दाखवून म्हटलं. "त्याच्यानंच दुखतंय."

मुलाचा चेहरा उतरला. "मंग गोळी तरी लिहून द्या."

"गोळी मला लिहिता येत नाही. डॉक्टरांना दाखवावं लागेल. एक्स-रेचा फोटो काढायचा की नाही, तेही तेच सांगतील."

"तुमी गोळी देत नाही, पोरीले दोर लावू देत नाही. मंग तुमी करता काय, मॅडम?"

त्याचा आवाज चढलेला नव्हता. दिवसभर शेतात वाकून आलेला माणूस होता तो, आणि मीही सकाळपासून उभीच होते.  मी उशी मागून घेतली, हात कसा ठेवायचा, बसवताना काखेत हात घालून ओढायचं नाही, हे सून आणि मुलगा दोघांना करून दाखवलं. मुलानं स्वतःच बाज ओढून, बाजेवर चढून कप्पी सोडली.

परतताना तिनं स्कूटी रस्त्याच्या कडेला थांबवली.

"सगळ्या तांड्यात मले डॉक्टरबाई म्हनते," ती म्हणाली. "याडी रोज इचारे, हात कधी वर जाईन? दोन वर्सं शिकून मी काय निस्ती हात धरायलेच हाय काय, मॅडम?"

"तुला वाईट वाटलं म्हणून तिचा खांदा गेला ना."

"मले मालूम हाय."

"मग विचारायचं होतंस."

"तुमी नाहीच म्हनलं असतं."

हे खरं होतं. नाहीच म्हटलं असतं. मला माझ्या कामातली हीच गोष्ट थकवते. दिवसभर मी लोकांना नाही म्हणते, आणि बहुतेक वेळा बरोबर असते, आणि तरी कोणाला बरं वाटत नाही, मलाही नाही.

दुसऱ्या दिवशी ती दवाखान्यात यायच्या आधी याडीच्या घरी गेली आणि घरच्यांना स्वतः सांगून आली, दोर लावायचं मॅडमनं सांगितलं नव्हतं, मीच लावला. मी तिला असं कर म्हटलं नव्हतं. मुलानं याडीला डॉक्टरांकडे नेलं, औषध आणलं. दुखणं सावकाश, फार सावकाश उतरलं. हात वर गेला नाही, जाणारही नव्हता. पण सोयाबीन पेरणीच्या सुमाराला याडी काठी टेकत दारापर्यंत येऊ लागली आणि दारात बसून सुनेला हाका मारू लागली.

तांड्यावर हिला आता कोणी डॉक्टरबाई म्हणत नाही. पेशंट मात्र अजून तिच्यापाशीच हसतात. फरक पडला तो माझ्या फोनला. ती आता सगळंच विचारते. काल मी जेवायला बसले होते, तर तिचा फोन.

"मॅडम, पेशंट म्हनते, आज खिडकीकडे तोंड करून बसतो. बसवू काय?"

"बसव गं," मी म्हटलं.

"नक्की ना?"

"नक्की."

तिनं फोन ठेवला. भाजी गार झाली होती. तशीच खाल्ली.