डोनाची सही आणि आमची अदलाबदल

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही हो! दह्याचे रिकामे डबे कसे, टाकू टाकू म्हणता कपाटभर होतात, तसे हे साठतात.

मी इथे अमेरिकेत, ट्रॉय गावात, सीनिअर लोकांच्या एका अपार्टमेंटच्या ऑफिसात बसते. इथे भाडं ज्याच्या-त्याच्या इन्कमप्रमाणे, उरलेलं सरकार भरतं. अर्धी बिल्डिंग आपल्या काका-काकूंची. दोन भाडेकरूंना आपापसांत घरं बदलायची असली तर बदलता येतात, पण आधी मालकीणबाईंची, म्हणजे डोनाची, सही लागते. एवढी एक गोष्ट मी घसा बसेपर्यंत सांगते. ऐकतंय कोण!

* * *

इन्स्पेक्शनला जोशीकाकांचं दार वाजवलं. उघडलं कुलकर्णीकाकांनी!

"काका, तुम्ही इथे?"

"घरं बदलली आम्ही. त्याला ऊन हवं होतं, मला शांतता."

"आणि डोनाची सही?"

"तिला कुठे राहायचंय इथे?"

आत बघते तर सोफा जोशींचा, पडदे जोशींचे. "या वयात सामान कोण उचलणार? आम्हीच हललो!" भिंतीवर जोशींच्या वडिलांचा फोटो, त्याला ताजा हार.

"अहो, हे तर जोशींचे वडील!"

"असू देत. आता आमच्याकडे असतात."

* * *

लीलामावशींना मात्र रीतसर सही मिळाली. डोनाने शिफ्टिंगची तारीख दिली, तर मावशी अडून बसल्या. "त्या दिवशी अमावस्या आहे. मी हलायची नाही!"

डोनाने मला विचारलं, "हा काय फेडरल हॉलिडे आहे का?"

आता हिला काय समजावू! मी म्हटलं, "ऑलमोस्ट."

परवा डोनाच्या बहिणीचं शिफ्टिंग ठरत होतं. सकाळी सकाळी डोनाचा फोन, "शनिवारी ते तुमचं ऑलमोस्ट हॉलिडे नाही ना?"

* * *

साठेकाका एकदा अर्ज मागायला आले. "बायकोशी बेडरूम बदलायची आहे. तिच्या खोलीत हीटर चांगला चालतो."

"काका, घरातल्या घरात डोनाची परवानगी लागत नाही. काकूंना विचारा."

"तिने रिजेक्ट केलंय. म्हणून तर वरच्या ऑफिसात आलो!"

* * *

आणि आमच्या सुमनकाकू. वरच्या मजल्यावर एकट्या, बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि गुडघे पार गेलेले. दूर अल्फारेटा गावात राहणारा मुलगा रोज फोनवर म्हणायचा, "आई, इकडे ये." काकू मला म्हणाल्या, "मुलगा गुणाचा आहे गं. पण तिथे मी पाहुणी. इथे दाराची किल्ली माझी आहे."

खाली एकही घर रिकामं नव्हतं. तेव्हा तळमजल्यावरचा फ्रँक, कार प्लांटमधून रिटायर झालेला, फारसा न बोलणारा माणूस, ऑफिसात येऊन म्हणाला, "मी बदलतो." दारासमोर स्वतः लावलेले टोमॅटो होते त्याचे!

डोनाला संशय आला. खालचं घर कोणी सुखासुखी सोडतं का? "त्याचं स्वतःचं काही कारण असेल तरच सही करीन. कोणी गळ घातली असेल तर नाही." तिने दोघांना समोर बसवलं. काकूंनी माझा हात घट्ट धरला.

"फ्रँक, तुला वर का जायचंय?"

"व्ह्यू."

डोनाने चष्मा काढला. "त्या खिडकीतून फक्त कचऱ्याचा डंपस्टर दिसतो."

"हो मॅडम. कचऱ्याची गाडी बघायला मला फार आवडतं."

डोनाने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा काकूंच्या गुडघ्यांकडे. मग पेन उचललं आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "कारण: व्ह्यू."