काल चालत होती ती बेल

अण्णा नगरच्या घरी सासऱ्यांसाठी मी एक बेल केली होती. पक्षाघातानंतर अप्पांची वाचा जवळजवळ गेली होती. शब्द यायचे ते एकेकटे, ओढून काढल्यासारखे. म्हणून खाटेशी बटण, स्वयंपाकघरात बेल आणि मध्ये एक छोटी मायक्रोकंट्रोलर चिप. अंबत्तूरच्या कारखान्यात मी दिवसभर हेच करायचे. अप्पा आल्यागेल्याला बटण दाबून दाखवायचे आणि माझा भाव वधारायचा.

एका रविवारी माझे हात शिवशिवले. नुसतं कर्कश वाजण्याऐवजी छानशी धून वाजली तर? बेल सोडवून कॉम्प्युटरला जोडली. चिपच्या आत एक घड्याळ असतं, त्याच्या ठोक्यांवर ती चालते. त्या सेटिंगमध्ये मी नको तिथे टिक केली. झालं! चिप आता बाहेरून ठोके येण्याची वाट बघत बसली, आणि बाहेर तर मी काही बसवलंच नव्हतं. नवा प्रोग्राम घेईना, जुना चालवेना. केबल बदलली, कॉम्प्युटर बंद करून चालू केला, देवाचं नावही घेतलं. चिप ढिम्म.

नवरा बाजारात गेला होता. आतून अप्पांचा आवाज आला, "काल... काल..."

"हो अप्पा, काल चालत होती! माहीत आहे मला. करतेय ना!" मी बसल्या जागेवरून ओरडले.

पुन्हा "काल." या खेपेला मी उत्तरही दिलं नाही. कारण उपाय सुचला होता: दुसऱ्या एका बोर्डावरून ठोके उसने आणायचे आणि या चिपला द्यायचे. तिच्या इवल्याशा पायाला तार सोल्डर केली आणि स्क्रीनवर चिपने ओळख दिली. मोठा तीर मारल्यासारखी मी अप्पांना सांगायला आत गेले.

अप्पांचा लुळा पाय खाट आणि भिंतीच्या फटीत अडकला होता. घोटा जांभळा पडला होता, गालांवर पाणी.

माझं सासर पिढ्यान्पिढ्या तंजावरकडचं. घरात मराठी, पण अडलं की तमिळ आधी तोंडी येते. आणि तमिळमध्ये काल म्हणजे पाय. पुण्याहून आले असले तरी हा शब्द मला येत नव्हता, असं नाही. भाजीवालीशी हुज्जत घालण्याइतकी तमिळ मला येत होती. पण बेल मी बिघडवली होती, म्हणून मला त्यात फक्त टोमणा ऐकू आला. पाय सोडवून तेल चोळताना शरमेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझं "चुकलं, अप्पा" ऐकून ते नुसती मान हलवत राहिले.

संध्याकाळी बेल लावली, जुनाच कर्कश आवाज ठेवून. स्वयंपाकघरात पोचते न पोचते तोच ती वाजली. धावत गेले. पाय ठीक होता, उशीवर मी ठेवला तसाच. अप्पांनी त्याच्याकडे बोट केलं. ओठ जुळवायला त्यांना फार वेळ लागला. मग माझ्याकडे बघत, बाईंना पाठ म्हणून दाखवावा तसं, ते सावकाश म्हणाले, "पाय."