काकूंनी घासलेला ट्रे

मंडळी, आज एका भल्या बाईवर ओरडलो. दुपारपासून चैन नाही.

मी भंडाऱ्याकडचा, धानाच्या मुलखातला. बदली होऊन पातूरच्या शाळेवर आलो, त्याला सहा महिने झाले. इथे जिकडेतिकडे कापूस नि तूर. डोळ्यांना धान बघायची सवय, म्हणून गच्चीवर दोन टबांत लावलंय. शेजारी पत्र्याच्या ट्रेमध्ये माती-पाणी घालून निळं-हिरवं शेवाळ वाढवत होतो. ते हवेतलं नत्र धरून धानाला देतं, युरिया लागत नाही. विरजण म्हणून वाळलेल्या शेवाळाची पुडी बाबांनी गावाहून दिली होती. पंधरा दिवसांत मस्त जाड थर आला होता.

आज शाळेतून आलो, तर ट्रे लख्ख!

घरमालकीण काकू गच्चीवरच होत्या. "सर, केवढं शेवाय झालं होतं बाप्पा! म्या घासून टाकलं."

"कशाला हात लावला तुम्ही?" मी ओरडलोच.

"मले वाटलं, एकटा माणूस, कवा घासन?" एवढंच बोलून त्या खाली गेल्या. माझ्यासाठी आणलेली भाजीची वाटी पायरीवर तशीच राहिली.

शेवाळ काय, पुन्हा येईल. भाजी खाल्ली, वाटी धुतली. आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत देत नाहीत, आणि घरात द्यायला काही नाही.

पण खरं सांगू? सहा महिन्यांत माझ्या खोलीत दुसऱ्या कुणाचं भांडं आज पहिल्यांदा आलंय. ते लगेच परत करायलाच हवं का?