हिंडू नगं, बस

जेवणाच्या सुट्टीत आमच्या सणसवाडीच्या कारखान्याच्या गेटवर निरोप आला, "दौंडवरून फोन होता. आप्पा गेले." मला ते खरंच वाटेना. तीनच दिवसांपूर्वी गेटवरच्या याच फोनवर आप्पा एवढ्या जोरात ओरडले होते, की वॉचमनलाही ऐकू गेलं... "टिटवी बसली रं! चार अंडी हायत! ऐतवारी ये!"

आमची ओळखही टिटवीमुळंच. आठ-नऊ वर्षांपूर्वी चैत्रात मी मोटारसायकल काढून भीमेच्या काठानं भटकत होतो. काय दिवस असतात ते! करंजाला कोवळी पालवी, बांधावर काटेरिंगणीची जांभळी फुलं, ओसरलेल्या पाण्यात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग... कुठं बघू न् कुठं नको! फुलाचा फोटो काढायला गव्हाच्या मोकळ्या रानात शिरलो, तोच आरोळी आली, "ओ सायेब! पाय उचलू नगा!" साप असणार म्हणून मी जागीच थिजलो. आप्पांनी येऊन माझ्या बुटाशी बोट दाखवलं. मातीच्याच रंगाची, ठिपक्यांची चार अंडी! "आमच्या बापजाद्यांनी मेंढरं राखली," ते म्हणाले, "अंड्यावर एक खूर पडू दिला न्हाई. आन् तुमचा बूट बघा!"

तेव्हापासून चैत्र लागला, की माझा रविवार आप्पांचा. नांगरट करताना ते घरट्याभोवती बाजेएवढी जागा सोडायचे. एका वर्षी मी शहाणपणा करून तिथं काठीला लाल फडकं बांधलं. पुढच्या रविवारी नुसती टरफलं! "कावळ्याला पत्ता दिलास व्हय रं?" एवढंच बोलून ते बांधापलीकडं कामाला निघून गेले. चूक माझीच होती, रडूच आलं मला. संध्याकाळी त्यांनीच मला बाभळीखाली बसवलं; ते त्यांच्या नेहमीच्या दगडावर, मी खाली मातीत. "खूण करायची न्हाई, शोधायचं बी न्हाई. हिंडू नगं, बस. ती सोता दावती."

दहाव्याला नदीवर विधी उरकले. त्यांचा मुलगा महादू म्हणाला, "उद्या सकाळी ट्रॅक्टर येतोय. टिटवीची जागा तुमास्नी ठावं आसंल ना?" मला कुठली ठाऊक! मी त्यालाच विचारणार होतो. दोघं तसेच रानात धावलो. टिटव्या डोक्यावर नुसत्या कालवा करत होत्या. महादू धसकटांत शिरायला लागला, तसं मी त्याला हात धरून खाली बसवलं. अर्धा तास गेला. तो चुळबुळत होता, मी त्याचा हात सोडला नव्हता... आणि एक टिटवी चार पावलं चालली, थांबली, परत चालली, पिसं फुलवून बसली! "बसली! आप्पा, बसली!" माझ्या तोंडून निघून गेलं. "ओरडू नगा," महादू कुजबुजला. त्याचे डोळे भरले होते. सकाळी ट्रॅक्टरपुढं तोच उभा राहिला.

गेल्या आठवड्यात गेटवर फोन आला. पलीकडून महादू ओरडत होता, "निघाली! चारी पिल्लं निघाली! ऐतवारी या!" वॉचमन माझ्याकडं बघतच राहिला.

गेलो. नांगरलेल्या काळ्या रानात बाजेएवढा भुरा तुकडा तसाच होता, आणि त्याच्या कडेनं कापसाच्या बोंडांसारखी पिल्लं पळत होती. बाभळीखालच्या आप्पांच्या दगडावर आम्ही दोघं सहज मावलो असतो. तरी दोघंही खालीच बसलो.