लेसचा कोपरा
मैनाने तामारबाईंना पहिल्यांदा पाहिलं ते वरसे गावातल्या एका ओटीवर, शनिवारी. पाच बायका उशीवर टाचण्या टोचून, लाकडी रिळांचे दोरे एकमेकांवरून फिरवत लेस करत होत्या आणि शिकवणाऱ्या तामारबाई मात्र हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"मावशी, हाताला मेंदी लावलीय काय?" मैनाने विचारलं.

"शनवार हाय आज. आम्हा यहुदी लोकांचे हात बंद. तोंडाला सुट्टी नाय, बस गो."

मैनासकट सगळ्या बायका जवळच्या कंपनीत कामाला; तिथली सुट्टी शनिवारचीच, म्हणून जमणंही तेव्हाच. सगळं तोंडी चाले: उजवा डाव्यावरून, मग पीळ. पण रुमालाच्या लेसचा कोपरा वळवणं नुसतं ऐकून कुणालाच जमेना, आणि ते येणाऱ्या तामारबाई एकट्याच उरल्या होत्या. चौथ्यांदा उसवल्यावर मैनाने शिफ्ट बदलून घेतली आणि रविवारी, झोप अपुरी असतानाच, त्यांच्या घरी गेली.

तामारबाईंनी रिळं उचलली. बोटं थरथरत होती. दोरे गुंतले.

"रोजचंच हाय हे," त्या थकून म्हणाल्या. "शनवारी कुणाला दिसत नाय, एवढंच."

मैनाने रिळं स्वतःकडे घेतली. तामारबाईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला. चुकलं की त्या दाबत. ऊन उतरेपर्यंत कोपरा वळला, जरासा वाकडाच.

आता शनिवारी कोपरा मैना शिकवते. तामारबाई शेजारी बसतात, आणि हल्ली इतर दिवशीही रिळांना हात लावत नाहीत.